वर्गात पहिला, एकूण शेवटचा

आमच्या क्रेलशाइड गावात गाडी चालवता येणारा असा एकही माणूस नाही, जो गिस्बर्ट लेन्ट्झच्या शेजारी घाम गाळत बसलेला नाही. गावातला एकमेव ड्रायव्हिंग स्कूलवाला तो. पाद्रीबुवा त्याच्याकडे शिकले, सुईण त्याच्याकडे शिकली, मीही शिकलो आणि दोनदा नापास झालो, ते असो. त्याचा सगळा उपदेश दोन वाक्यांत मावतो. पहिलं, "आरशात बघ." दुसरं, "क्लच घासू नकोस, तो काय कुणी फुकट दिलाय?" बाकी बोलायचं काम त्याचा उजवा पाय करतो. शिकाऊ गाडीत त्याच्या बाजूलाही एक ब्रेक आहे. आपण वळणावर जरा मर्दुमकी दाखवायला जावं, की गाडी गप्पकन दबते, आणि गिस्बर्ट खिडकीबाहेर बघत म्हणतो, "काही नाही, काही नाही, छान चाललंय." दुसऱ्यांच्या गाडीला ब्रेक लावून लावून त्याचा उजवा पाय डाव्यापेक्षा जाड झालाय, असं त्याची बायको इर्मगार्ट सांगते. तिला माहीत असणारच.

तर असा हा माणूस शर्यतीत गाडी पळवतो. हसू नका. म्हणजे हसा, तोही हसतो.

टेकडीपलीकडच्या जंगलात रिंग आहे, म्हणजे गाड्यांच्या शर्यतीची गोल वाट. चोवीस किलोमीटरची एक फेरी, वर-खाली, डावी-उजवी. एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला गारा. तिथे सहा-सहा तासांच्या शर्यती होतात आणि त्यांत सगळ्या वर्गांच्या गाड्या एकाच वेळी, एकाच वाटेवर सोडतात. वरच्या वर्गातल्या गाड्या अशा, की त्यांच्याबरोबर स्वयंपाकी येतो, मालिशवाला येतो, टायर गरम ठेवायला वेगळा माणूस येतो. मग वर्ग उतरत उतरत जातात. सगळ्यात तळाला, जिथे यादीचा कागद संपतो, तिथे गिस्बर्टची मोहरीच्या रंगाची जुनी छोटी गाडी. तिचं नाव कोंबडी. ते नाव ठेवलं विन्फ्रीडने. विन्फ्रीड म्हणजे आमच्याकडचा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, गिस्बर्टचा शाळेपासूनचा दोस्त. कोंबडीचं इंजिन त्यानेच बांधलं, आणि ते सुरू झाल्यावर जो आवाज आला, तो ऐकून नावही त्यानेच ठेवलं.

शर्यतीत लोक पुढे बघतात, गिस्बर्ट मागे बघतो. त्याला पर्यायच नाही. एका फेरीत पंधरा-वीस मोठ्या गाड्या त्याच्या पाठीवर येऊन आदळायच्या बेतात असतात. त्यांना वाट द्यायची, आपण बाजूला व्हायचं, उजवा दिवा लुकलुकवून सांगायचं, की दिसलास, जा बाबा. ही त्याची कला. "मी शर्यतीत नसतो रे," तो स्वतःच म्हणतो, "मी शर्यतीच्या वाटेत असतो."

आणि त्याचं ते चॅपेलचं वळण! उतारावरून खाली येताना डाव्या हाताला एक चॅपेल, म्हणजे छोटंसं प्रार्थनाघर, तिथे वळण, आणि वळण संपताच समोर उभा चढ. मोठे लोक तिथे पाय हलवत नाहीत, तस्से निघून जातात. गिस्बर्ट तिथे ब्रेक लावतो. नुसता लावत नाही, मनापासून लावतो. जंगलात तंबू ठोकून शर्यत बघणाऱ्यांत ते इतकं प्रसिद्ध झालं, की एका वर्षी कुणीतरी तिथे कुंपणापाशी खरीखुरी बसथांब्याची पाटी आणून रोवली. तिच्याखाली एक बाकडंही ठेवलं. पुढच्या शर्यतीत गिस्बर्ट वळणावर आला, पाटी वाचली, आणि सवयीने ब्रेक लावून, जाता जाता हातही केला. तेव्हापासून त्या वळणाला सगळे थांबा म्हणतात.

शर्यतीनंतरच्या सोमवारी संध्याकाळी इर्मगार्टच्या 'जुनी गिरणी'त निकालाचं वाचन होतं. जुनी गिरणी म्हणजे गावातली बियरची आणि बटाट्याच्या थालीपिठांची जागा; ती इर्मगार्ट चालवते. निकालाचे चार कागद असतात. इर्मगार्ट चष्मा लावते, चौथा कागद घेते आणि खालून वर वाचायला लागते. कारण उघड आहे. खालून सुरुवात केली की नवरा लवकर सापडतो आणि थालीपीठं गरम आहेत तोवर वाचन आटपतं. पहिल्या कागदावर काय लिहिलेलं असतं, हे आमच्या गावाला गेल्या वीस वर्षांत कधी कळलेलं नाही.

"आणि कधीकधी तर तो चौथ्या कागदावरही नसतो," इर्मगार्ट म्हणायची. "तेव्हा मी मागची कोरी बाजूही बघते."

याचं कारण तिथला नियम. सहा तास संपले, की पहिल्या नंबरची गाडी रेष ओलांडते आणि झेंडा पडतो. झेंडा पडल्यानंतर तुमची गाडी स्वतःच्या चाकांवर, स्वतःच्या जोरावर ती रेष ओलांडून आली तरच तुमचं नाव निकालात. पावणेसहा तास वाघासारखे पळालात आणि शेवटच्या वळणावर गाडी मेली, तर तुम्ही आला नव्हतातच. म्हणून शेवटी शेवटी सगळ्या आजारी गाड्या रेषेच्या अलीकडे लंगडत, रेंगाळत असतात, आणि झेंडा पडला रे पडला की हळूच पाय उचलून उंबरठा ओलांडतात. आणि चुकून आधीच ओलांडलात? मग पुन्हा सगळी फेरी मारून या. चोवीस किलोमीटर.

गिस्बर्टला ते रेंगाळणं छान जमायचं. उपजतच होतं म्हणा ना.

आता रोस्विता. गिस्बर्ट-इर्मगार्टची एकुलती एक लेक, वय सत्तावीस. तीन वर्षांपासून ती बापाबरोबर कोंबडी चालवत होती. अर्धी शर्यत ती, अर्धी तो. पोरीचा हात म्हणजे काय सांगू! तीच गाडी, तीच वाट, आणि तिची फेरी बापापेक्षा एवढी लवकर संपायची, की विन्फ्रीडची सिगरेट अर्धीच राहायची. कोब्लेन्झकडच्या एका मोठ्या संघाने तिला बघितलं आणि सांगितलं, पुढच्या मोसमात आमच्या गाडीत एक जागा आहे, ये. पण वरच्या वर्गात बसायला परवाना लागतो, आणि परवान्यासाठी खालच्या वर्गात ठराविक वेळा निकालात नाव यावं लागतं. रोस्विताचं एकच नाव कमी पडत होतं. उन्हाळ्यात कोंबडीचा रेडिएटर फुटला, मग चाक निघालं, मग एकदा नुसतंच धुकं पडलं आणि शर्यत रद्द झाली. राहिली होती ऑक्टोबरातली शेवटची शर्यत. तिथे नाव लागलं तर जागा तिची, नाहीतर संघ दुसऱ्या कुणालातरी घेणार.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी इर्मगार्टने ताटं पुसता पुसता नवऱ्याला विचारलं, "गिस्बर्ट, खरं सांग. ती जावी असं तुला वाटतं का?"

"म्हणजे काय! वाटतं तर!"

"मग सूप का राहिलं?"

गिस्बर्टने सूपाकडे बघितलं. "ती जाणार ती गाडी बघितलीस का तू?" तो म्हणाला. "मी आत डोकावून आलो. सीट एकच. शेजारी जागाच नाही. माझ्या बाजूला ब्रेक नाही त्या गाडीत, इर्मा."

"तुझ्या बाजूचा ब्रेक तिने लायसन मिळालं त्या दिवशीच सोडला रे," इर्मगार्ट म्हणाली आणि सूप पुन्हा गरम करायला घेऊन गेली.

शर्यत बाकी झकास झाली. रोस्विताने सुरुवातीची गर्दी निभावली, कोंबडी जशीच्या तशी बापाच्या हातात दिली. त्यांच्या वर्गात तीनच गाड्या होत्या. एकीचं इंजिन गेलं, दुसरी झाडीत गेली. गिस्बर्ट आपला उजवा दिवा लुकलुकवत, थांब्याला ब्रेक लावत, सगळ्यांना जा जा म्हणत फेऱ्या मारत राहिला. शेवटच्या फेरीत, रेष दिसायला जेमतेम दोन वळणं राहिली असताना, गिअरचा दांडा त्याच्या हातात पळीसारखा खुळखुळायला लागला. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकली ती अडकलीच. क्लचही जवळजवळ संपलेला.

कानातल्या रेडिओवर विन्फ्रीडचा आवाज आला. "गिस्ब्या, ऐक. आता फक्त एकच गोष्ट करायची. काहीही करायचं नाही."

"कळलं."

"पहिला नंबरवाला तुझ्या मागे येतोय. त्याला आधी जाऊ दे. झेंडा पडू दे. मग रांगत ये. आयुष्यभर जे करत आलास तेच कर."

"कळलं रे!"

कळलं होतं खरंच. पण दैव देतं आणि कर्म नेतं, त्याला कोण काय करणार? समोर सरळ रस्ता, बाजूला प्रेक्षकांची गॅलरी. आणि गॅलरीत आमचं अख्खं क्रेलशाइड वाटाण्याच्या सूपाच्या पातेल्यासकट बसलेलं. गिस्बर्ट रस्त्यावर आला आणि गॅलरी उभी राहिली. सगळी गॅलरी! लोक टोप्या उडवतायत, ओरडतायत, पाद्रीबुवा खुर्चीवर चढलेत. खरं म्हणजे त्याच्या मागून पहिल्या दोन गाड्या एकमेकींना घासत, चाकाला चाक लावून येत होत्या, लोक त्यांच्यासाठी उठले होते. पण वीस वर्षांत ज्याच्यासाठी कुणी कोपरही हलवलं नाही, त्या माणसाला हे कसं सुचावं? त्याला वाटलं, आपल्यासाठीच. बिचाऱ्याचा ऊर भरून आला. आणि जन्मभर आरशात बघा म्हणून कंठशोष करणारा हा गृहस्थ, नेमका त्या क्षणी आरशात न बघता, गॅलरीकडे बघून हात हलवत, पाय दाबून, ऐटीत रेष ओलांडून गेला.

"थांब! थां..." विन्फ्रीड ओरडला.

दोन मोठ्या गाड्या दोन्ही बाजूंनी सणकन निघून गेल्या. मग गिस्बर्टने आरशात बघितलं. मागे, रेषेवर, झेंडा पडत होता. शर्यत संपली होती. फक्त त्याच्या मागे संपली होती.

कानात खरखर झाली. मग विन्फ्रीड हळू आवाजात म्हणाला, "गिस्ब्या, मुद्दाम केलंस का रे?"

मुद्दाम केलं नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण आदल्या दिवशीचं ते न प्यालेलं सूप त्याला आठवलं. मूर्खपणा केलाय हे त्याला पटत होतं, मूर्खपणाची त्याला सवय होती. पण पोरीने काय समजावं? बापाने वाट अडवली असंच ना?

आता राहिली चोवीस किलोमीटरची फेरी, एक गिअर, नावापुरता क्लच, आणि वेळही मोजकाच. ठरलेल्या मुदतीत आला नाहीत तर निकाल बंद. बाकीच्या गाड्या भराभर पुढे निघून गेल्या आणि गिस्बर्ट जंगलात एकटा उरला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. रस्त्याच्या कडेचे झेंडेवाले सामान आवरत होते. त्यांतले निम्मे आसपासच्या गावांतले, म्हणजे गिस्बर्टचे विद्यार्थी. कोंबडीची कॉककॉक ऐकून त्यांनी गुंडाळलेले झेंडे पुन्हा उलगडले, मिळेल तो रंग हलवायला लागले. एकजण तर, ज्याला गिस्बर्टने चारदा नापास केलं होतं, तो हातांचा कर्णा करून, तोंड मोठ्ठं उघडून ओरडला. ऐकू आलं नाही, पण ओठांवरून गिस्बर्टला कळलं. "सर, आरशात बघा!" त्याने बघितलं. आरशात कुणीच नव्हतं. अशी रिकामी वाट त्याने आरशात कधी पाहिलीच नव्हती.

उतार सुरू झाला आणि कानात विन्फ्रीडच्या जागी रोस्विताचा आवाज आला.

"पपा."

"रोस्वी, बाळा, मी..."

"ते नंतर. आधी ऐक. चढ येतोय. तिसऱ्या गिअरमध्ये गाडी चढायची नाही, वेग नसेल तर. आणि क्लच घासून चढवशील, तर मध्येच मरेल."

"माहितेय ग. मीच शिकवलंय ते."

"म्हणजे थांब्याला ब्रेक लावायचा नाही."

गिस्बर्ट गप्प.

"पपा, ऐकू येतंय ना?"

"ऐकू आलं म्हणूनच गप्प बसलोय."

"उताराचा सगळा वेग घेऊन वळायचं. होतं ते. ही गाडी जाते तिथून, मी नेहमी जाते."

"नेहमी?" गिस्बर्ट किंचाळला. "ब्रेक न लावता? कोंबडीतून?"

"आता ओरडू नकोस मला, वळणानंतर ओरड."

मग ज्या आवाजात त्याला आम्ही सगळ्यांनी प्रश्न विचारले, घाबरत, चाचरत, नेमक्या त्याच आवाजात त्याने लेकीला विचारलं, "बघायचं कुठे?"

"चॅपेलच्या छपराकडे. रस्त्याकडे नाही. आणि पाय हलवायचा नाही."

"भीती वाटते का तुला तिथे?"

"वाटते ना. दर फेरीला वाटते. पण तोवर वळण संपलेलं असतं."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण! ब्रेकवरचा पाय उचला म्हणून तीस वर्षं दुसऱ्यांच्या मांडीवर थापट्या मारल्या होत्या त्याने. आता स्वतःचा पाय उचलायची वेळ आली, तर तो पाय ऐकेना. उताराने गाडी घेतली. पाटी दिसली, बाकडं दिसलं, बाकड्यावर बसून सॉसेज खाणारे दोघे दिसले. ते वर्षानुवर्षं तिथे ब्रेक बघायलाच बसत. गिस्बर्टने चॅपेलच्या छपराकडे डोळे लावले, उजव्या पायाला शेजारच्या डाव्या पायाने दाबून धरलं आणि प्रवाशांना सांभाळणाऱ्या सेंट क्रिस्टोफरच्या नावाने टाहो फोडला. निदान त्याची तशी समजूत होती. बोलायचं बटण दाबलेलंच राहिलं होतं, त्यामुळे पिटमधल्या, म्हणजे रेषेजवळच्या दुरुस्तीच्या जागेतल्या सगळ्यांनी ऐकलं, की तो संताला नव्हे, विन्फ्रीडला हाका मारत होता. "आई ग, विन्फ्रीऽऽऽड!"

कोंबडी वळली. मागचं चाक गवतात गेलं, परत आलं, आणि गाडी बंदुकीतून सुटल्यासारखी चढाला लागली. बाकड्यावरच्या एकाचं सॉसेज मोहरीसकट खाली पडलं.

मग तो चढ. वेग ओसरत गेला, इंजिन धापा टाकायला लागलं, क्लचचा जळका वास नाकात जायला लागला. कुंपणापलीकडच्या पायवाटेने एक म्हातारा कुत्र्याला फिरवत वर चालला होता. तो बराच वेळ कोंबडीच्या बरोबरीने चालला. त्याने टोपी उचलून नमस्कार केला, गिस्बर्टनेही हात केला. कुत्रं मध्ये एकदा थांबलं, म्हणून गिस्बर्ट पुढे गेला. त्या दिवशी त्याने मागे टाकलेलं ते एवढंच. माथ्यावर गाडी क्षणभर विचारात पडली आणि मग पलीकडे कलंडली.

रेषेपाशी आला तेव्हा गॅलरी रिकामी होती. झेंडेवाल्याने झेंडा काठीला गुंडाळून बगलेत मारला होता, तो त्याने सोडवला आणि एकट्या कोंबडीसाठी पुन्हा हलवला. इर्मगार्ट आणि विन्फ्रीड कठड्याला टेकून उभे होते. गाडी रेष ओलांडून चार हातांवर मेली. रोस्विताने दार उघडलं. गिस्बर्ट आतच बसून राहिला.

"मुद्दाम नव्हतं ग," तो म्हणाला. "लोक उठले, मला वाटलं माझ्यासाठीच उठलेत."

रोस्विता त्याच्याकडे बघत राहिली आणि मग एवढी हसली, की तिला गाडीच्या टपाचा आधार घ्यावा लागला. "पपा, हे तुझ्याशिवाय कुणाला वाटलं नसतं," ती म्हणाली, आणि तिने डोळे पुसले ते काही सगळेच हसण्याचे नव्हते.

निकाल लागला. चौथ्या कागदावर, अगदी शेवटची ओळ. एकूण क्रमांक: शेवटचा. वर्गातला क्रमांक: पहिला. एकाच ओळीत दोन्ही. कारण वर्गातल्या बाकीच्या दोन्ही गाड्या आल्याच नव्हत्या. बक्षीस समारंभात मोठे वर्ग आधी झाले, भाषणं झाली, फोटो झाले, आणि सगळ्यात धाकट्या वर्गाची पाळी येईपर्यंत सभागृहात झाडूवाला आला होता. गिस्बर्ट आणि रोस्विता पहिल्या नंबरच्या पायरीवर चढले. दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीवर झाडूवाल्याने बादल्या ठेवल्या होत्या, त्या त्याने अदबीने उचलल्या.

त्या सोमवारी इर्मगार्टचं वाचन एका ओळीत संपलं. आमच्यातल्या दोघांनी जंगलात जाऊन थांब्याची पाटी उपटून आणली आणि जुन्या गिरणीच्या भिंतीवर, बक्षिसाच्या कपाच्या शेजारी टांगली. आता त्या वळणावर थांबा नाही, असं जाहीर झालं. गिस्बर्टने ती गोष्ट पहिल्या बियरला अशी सांगितली, की मोठ्या गाड्यांना वाट मोकळी करून द्यायला आपण पुढे झालो. दुसऱ्या बियरला खरं सांगितलं. तिसरीला पाद्रीबुवांसारखं खुर्चीवर चढून दाखवलं.

रोस्विताला परवाना मिळाला. हिवाळ्यात ती कोब्लेन्झला राहायला गेली.

वसंतातली पहिली शर्यत. कोंबडीत आता गिस्बर्ट आणि विन्फ्रीड, दोघांचं मिळून वय सव्वाशेच्या आसपास. आम्ही काही जण जंगलात, चॅपेलपाशी जाऊन बसलो होतो. पाटी नव्हती, बाकडं होतं. गिस्बर्टची पहिली फेरी आली. आम्ही श्वास रोखला. उतारावरून कोंबडी खाली आली, तिच्या मागून, बरंच मागून, एक निळी गाडी येत होती. गिस्बर्टचा उजवा दिवा लुकलुकला. तो बाजूला झाला. निळी गाडी त्याच्या अंगावरून वारा जावा तशी गेली, जाताना तिने दोन्ही दिवे एकदा उघडझाप केले, आणि न थबकता, न हलता वळणात शिरली.

आणि कोंबडीचे मागचे लाल दिवे लागले. लागले म्हणजे, पूर्वी कधी लागले नव्हते इतके लागले. गाडी जवळजवळ उभीच राहिली. बाकड्यावरचे दोघे उठून टाळ्या वाजवायला लागले.

सोमवारी संध्याकाळी जुनी गिरणी भरलेली होती. इर्मगार्टने चष्मा लावला, चौथा कागद घेतला, खालून सुरुवात केली. "लेन्ट्झ, गिस्बर्ट." हशा झाला, टाळ्या झाल्या, आणि लोक सवयीने ताटांकडे वळले. पण इर्मगार्ट थांबली नाही. ती वर वाचत गेली. चौथा कागद संपला, तिने तिसरा घेतला. कुठली कुठली नावं, फ्लेमिश, इटालियन, स्विस. तिला उच्चार जमत नव्हते, पण एकही गाळलं नाही. थालीपीठं गार झाली, कुणी हात लावला नाही. दुसरा कागद. मग पहिला, जो आमच्या गावाने कधी पाहिला नव्हता. त्याच्या मध्याच्याही वर गेल्यावर तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "अकरावी. लेन्ट्झ, रोस्विता."

गिस्बर्टने विचारलं, "आमच्या दोघांच्या मध्ये किती जण झाले?"

"एकशे बारा."

"चांगलं आहे," गिस्बर्ट म्हणाला. "तेवढ्यांना मी स्वतः वाट दिलीय."

तोवर विन्फ्रीड स्टुलावर चढून भिंतीवरची थांब्याची पाटी काढायला लागला होता. "ही उद्या परत जंगलात," तो म्हणाला. "गिस्ब्या, लाज आणलीस. एकदा जमलं होतं ना तुला? मग परवा पुन्हा ब्रेक? आणि तोही असला? मी पिटमध्ये पडद्यावर बघत होतो. म्हटलं, आता हा उतरून तिकीट काढतो की काय!"

सगळे हसले. गिस्बर्टही हसला. मग त्याने ग्लास खाली ठेवला.

"तो ब्रेक माझ्यासाठी नव्हता रे," तो म्हणाला. "मी छपराकडेच बघणार होतो. पण रोस्वीची निळी गाडी पुढे झाली, आणि त्या वेगाने वळणात शिरली, आणि माझा पाय... मी तिच्यासाठी दाबला. तिच्या गाडीचा ब्रेक समजून. आता हसा."

विन्फ्रीड पाटी हातात घेऊन स्टुलावर तसाच उभा राहिला.

इर्मगार्टने चष्मा काढून फडक्याने पुसला. "मीही दाबला," ती म्हणाली. "इथे काउंटरमागे उभी राहून, टीव्हीकडे बघत. खालची फळी तुटलीय. विन्फ्रीड, ती पाटी आहे तिथे टांग आणि उतरलास की जरा इकडे येऊन फळी बघ."